मालकाचं आडनाव, आमची टीम

खाण चालली की टीम चालते, असं माझे मामा ठासून सांगत. ते एका खाण कंपनीच्या वजनकाट्यावर कारकून होते. डिचोली तालुक्यातून खनिज भरलेले ट्रक नदीकाठच्या जेटीकडे निघायचे, वाटेत काट्यावर थांबायचे, आणि मामा वजनाची चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. चिठ्ठीबरोबर बातमीही जायची. काल पणजीत काय झालं, गोल कुणाचा, रेफ्रीने कुठली पेनल्टी नाकारली. ट्रकवाला ती जेटीवर पोचवायचा, तिथून ती बार्जवर चढायची आणि मांडवीच्या पाण्यावरून मुरगाव बंदरात जायची. खनिज ज्या वाटेने जात होतं त्याच वाटेने फुटबॉलही जात होता. गोव्यातल्या संघांचा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला तो असा, लाल धुळीने माखलेल्या माणसांच्या तोंडून.

मामांच्या आधीची गोष्ट आजोकडे होती. शिवोलीत 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने गोव्यात पहिल्यांदा फुटबॉल आणला असं मानतात. बार्देश-सासष्टीत चर्चपुढच्या पटांगणांवर हा खेळ वाढला. आमच्याकडे तो उशिरा आला. आजोच्या लहानपणी भात कापून झालं की रिकाम्या मळ्यात पोरं अनवाणी खेळत. खुंट पायाला टोचत, पण खेळ थांबत नसे. मग गावोगावी क्लब निघाले. पोर्तुगीज अमदानी असल्यामुळे त्यांची नावंही पोर्तुगीज वळणाची. डिचोलीच्या क्लबाचं नाव होतं क्लुब देस्पोर्तिव्ह द बिशोली, आणि आजो ते नाव पूर्ण उच्चारायचा, एकही अक्षर न गाळता.

तोवर खाणींचा पैसा यायला लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद हवं होतं आणि गोव्याच्या डोंगरांत त्यासाठी लागणारं लोहखनिज होतं. बघता बघता काही घराणी मोठी झाली. वास्को स्पोर्ट्स क्लब 1951 सालचा. 1956 मध्ये वास्कोतच साळगावकरांचा संघ उभा राहिला. 1961 साली गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि फुटबॉलचे वेडे. त्यांच्या नावाचा सुवर्णचषक पुढे गोव्यातली मानाची स्पर्धा झाला. आणि 1960च्या दशकाच्या शेवटी डिचोलीच्या त्या जुन्या क्लबाच्या मुळावर डेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला.

यावरून आमच्या घरात दोन पक्ष होते. आजो म्हणायचा, आमचा क्लब नेला. मामा म्हणायचे, नेला म्हणून वाचला, नाहीतर मळ्यातच राहिला असता. चतुर्थीला सगळे जमले की जेवणानंतर हा वाद हटकून निघायचा. कुणीच माघार घेत नसे, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. क्लबाला पगार मिळाला, बूट मिळाले, प्रशिक्षक मिळाला, देशभर फिरायला मिळालं. त्या बदल्यात गावाचं नाव गेलं आणि मालकाचं आडनाव आलं. पुढच्या पन्नास वर्षांत गोव्याच्या फुटबॉलमध्ये जे काही झालं, त्याचं बीज मला या सौद्यात दिसतं.

कंपनीच्या टीमची रीत ठरलेली असे. खेळाडू कागदोपत्री नोकरदार. सकाळी सराव, मग जमेल तेवढं ऑफिस. खेळणं सुटल्यावरही हजेरीपटावर नाव राहणार, हा मोठा आधार. ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कुळागरात नारळ पाडले त्या पोराला डाव्या पायाच्या जोरावर महिन्याचा पगार सुरू झाला, ही गोष्ट मामा अनेकांबद्दल सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जरा चढे. साळगावकरांची जर्सी हिरवी, डेंपोंची पांढरी-निळी. एकाच घरात दोन भाऊ दोन रंगांचे असले की सामन्याच्या दिवशी त्यांच्यात बोलणं बंद.

ब्रह्मानंद शंखवाळकर या माणसाबद्दल मात्र दोन्ही रंगांचे लोक एकाच आदराने बोलत. साळगावकरच्या गोलात तो वर्षानुवर्षं उभा राहिला. भारताचं कर्णधारपद भूषवलेला गोलरक्षक, आणि मोठ्या शहरांतल्या क्लबांना बाजूला सारून गोव्यातच खेळत राहिलेला. त्याच्या नेतृत्वाखाली गोव्याने 1984 साली संतोष करंडक जिंकला तो संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. मामांनी त्याला साध्या सरावात पाहिलं होतं. चेंडू यायच्या आधीच तो अर्धं पाऊल सरकलेला असायचा, एवढंच ते सांगत आणि खुर्चीतून उठून ते अर्धं पाऊल करून दाखवत. खांदे सैल, हात कमरेच्या किंचित वर, नजर मारणाऱ्याच्या घोट्यावर. ब्रह्मानंदला मी खेळताना पाहिलेलं नाही, पण ते पाऊल मला पाठ आहे.

शेजारी एक तारवटी राहत. बोटीवर जाण्याआधी आणि दोन सफरींच्या मधल्या काळात ते मुंबईत धोबीतलावच्या एका कुडीत मुक्काम करत. गोव्यातल्या खेड्यांनी आपापल्या माणसांसाठी मुंबईत या कुडी चालवल्या. खाट, ट्रंक ठेवायला जागा, संध्याकाळी तेर्साची प्रार्थना. कूपरेज मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. रोव्हर्स चषक तिथे होई, 1891 पासूनची स्पर्धा, आणि कोलकात्याचे संघ तो न्यायला येत. 1978च्या मोसमात तो डेंपोने जिंकला आणि पुढच्या मोसमात पुन्हा. तारवटी सांगत, कूपरेजच्या लाकडी पायऱ्यांवर त्या दिवशी आचारी, खलाशी, बँडवाले, शिंपी सगळे होते. सासष्टीचा, बार्देशचा, डिचोलीचा असा भेदच उरला नव्हता. मुंबईत ज्यांना एरवी कुणी नावाने ओळखत नव्हतं ते लोक डेंपो हे एका खाणमालकाचं आडनाव आपल्याच आईबापाचं असल्यासारखं ओरडत होते.

त्याच कूपरेजवर मुंबईचे स्वतःचे संघही होते. मफतलाल, ऑर्के यांसारखे गिरण्यांचे संघ, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा. गिरण्या गेल्या तसे त्यांचे संघ गेले. रोव्हर्स चषक 2000-01 नंतर बंदच पडला. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीने संघ मिटवून टाकला. देशाचा विजेता संघ चार वर्षांत नाहीसा होतो, आणि मुंबईच्या रस्त्यावर त्यासाठी एक मोर्चाही निघत नाही, हे मला आजही बोचतं.

गोव्यात मात्र त्या काळात भरती होती. राष्ट्रीय लीग 1996-97 मध्ये सुरू झाली. 1998-99 मध्ये साळगावकरने ती जिंकून गोव्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. ब्रूनो कुतिन्हो तेव्हा ऐन बहरात होता. मग 2004-05 ते 2012-13 हे नऊ मोसम पाहा. पाच वेळा डेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. उरलेला एक मोसम महिंद्राचा. त्या नऊ वर्षांत मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या बलाढ्य संघांना एकदाही लीग जिंकता आली नाही. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याने अख्ख्या देशाला असं दाबून ठेवल्याचं उदाहरण दुसऱ्या कुठल्या खेळात मला तरी सापडत नाही. डेंपोचे पाचही किताब आर्मांद कुलासो यांच्या हाताखाली आले. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरं, आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने 2011-12 च्या एका मोसमात 32 गोल मारले.

आणि याच भरतीच्या तोंडाशी 5 डिसेंबर 2004 चा तो रविवार आहे. बंगळुरात फेडरेशन चषकाची अंतिम लढत, डेंपो विरुद्ध मोहन बागान. मामांच्या घरी टीव्हीपुढे शेजारपाजार जमलेला. क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचविशीतला ब्राझिलियन त्याच वर्षी डेंपोत आला होता. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचाच, पण तो मारताना गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो खाली पडला. लोक गोलासाठी ओरडत उठले होते. तो उठत नाही हे कळायला काही क्षण गेले. डेंपोने सामना 2-0 ने जिंकला आणि त्यांचा माणूस गेला. दुसऱ्या दिवशी काट्यावर ट्रक नेहमीसारखे आले. मामा म्हणाले, एकाही ड्रायव्हरने चषकाचं नाव काढलं नाही. डेंपोने 10 क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच मोसमात आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली.

नशीब त्या काळातही एका बाजूला कललेलं नव्हतं. साळगावकर 2007-08 मध्ये खालच्या श्रेणीत ढकलला गेला, वर आला आणि 2010-11 मध्ये विजेता झाला. चर्चिल ब्रदर्सचं बळ खाणींचं नव्हतं. वार्क्याचे राजकारणी चर्चिल आलेमाव आणि त्यांचे भाऊ यांचा तो संघ, सासष्टीच्या किनाऱ्यावरचा, लाल जर्सीचा. 2013-14 च्या एकाच मोसमात त्याने फेडरेशन चषकही जिंकला आणि लीगमधून त्याची घसरणही झाली.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. आमच्या भागात कर्ज काढून घेतलेले ट्रक घरापुढे उभे राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या चाकांवर वेली चढल्या. काही वर्षांतच टीमही दिसेनाशा झाल्या. मामांना आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं: खाण बसली, टीम बसली.

इथे मात्र मी मामांशी वाद घालतो. डेंपोंनी आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच सेझा गोवा या कंपनीला विकला होता. त्यानंतरही त्यांनी दोनदा लीग जिंकली. म्हणजे खाणीचा पैसा आटला म्हणून सगळं संपलं, एवढी ती सरळ गोष्ट नाही. 2010 च्या डिसेंबरात भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटींचा करार केला. त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, नव्या मालकीच्या नव्या संघांची. जुने क्लब जुन्या राष्ट्रीय लीगमध्येच राहिले, जिचं नाव आता आय-लीग झालं होतं. 2016 मध्ये महासंघाने नवी लीग वरची आणि आय-लीग खालची करण्याचा आराखडा मांडला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दे गोवा आणि डेंपो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपोने तर त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वरची जागा परत मिळवली होती. मैदानावर कमावलेली जागा त्यांनी सोडली, कारण तिची किंमत मैदानाबाहेर कमी केली गेली होती. मामा हे ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण खाणी चालू असत्या तर शेठ भांडला असता रे." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नव्या लीगमधल्या एफसी गोवाचा मी द्वेष करत नाही, कुणी करू नये. फातोर्ड्याचं स्टेडियम त्याने पुन्हा भरवलं, आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटसाखळी खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्याच्या पहिल्या मालकांत साळगावकर घराण्यातले दत्तराज आणि श्रीनिवास डेंपो दोघेही होते. पन्नास वर्षं ज्या दोन नावांवरून घराघरांत भांडणं झाली ती नावं एका संघामागे बसली. पण एका मोसमात गोव्याचे चार संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये होते, हे विसरता येत नाही. चार संघ म्हणजे शंभरएक खेळाडू, आणि त्यांच्यामागे तेवढीच घरं. एका संघाला कितीही माया लावली तरी त्यात गावागावातली ती सगळी पोरं मावत नाहीत. आजोची तक्रार मला आता जास्त कळते. क्लब मोठा व्हायला त्याची हरकत नव्हती. तो ठेवायचा की मिटवायचा हे ठरवताना डिचोलीला कुणी विचारणार नाही, हे त्याला दिसत होतं.

2024 मध्ये डेंपो खालच्या लीगमधून वर चढून आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक समीर नाईक, त्याच सुवर्णकाळातला बचावपटू. मामांची नजर अधू झाली आहे, म्हणून पेपरातला मागचा पानभर मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. निकालात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांनी अकराही नावं परत वाचायला लावली आणि दर नावाला थांबवून विचारलं, "हा कुठल्या गावचा?" जी गावं मला माहीत नव्हती ती मी फोन करून शोधली. दोन नावं राहिली आहेत, तीही उद्या विचारून सांगणार आहे.