१२०४ हा आकडा आला कुठून?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसची असते. तेवढ्यानेही नळ्यांना आतून ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून तिथे क्रोमियम मिसळलेलं पोलाद लागतं. मग अणुइंधनाला १२०० अंशांची वाफ लागली तर?

आपल्याच राज्यातलं तारापूर १९६९ साली सुरू झालं. तिथल्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या झिर्कलॉयच्या नळ्यांत भरतात. झिर्कोनियमच का? हा धातू न्यूट्रॉन फारसे गिळत नाही आणि ३०० अंशांच्या आसपासच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे निवड झाली ती रोजच्या कामासाठी. पाणी आटलं की गणित बदलतं. तापलेला झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन सोडतो आणि वर स्वतःच उष्णता देतो.

अमेरिकेत १९७२-७३ मध्ये यावर लांबलचक सुनावण्या झाल्या. त्यातून ठरलं की नळीचं तापमान १२०४ अंशांपुढे जाऊ नये आणि ऑक्सिडेशन जाडीच्या १७ टक्क्यांपुढे नको. कारण ठिसूळ झालेली नळी गार पाणी पडताच तडकते. हा १२०४ काही निसर्गाने दिलेला नाही. ते २२०० अंश फॅरनहाइट आहेत, प्रयोग बघून माणसांनी ठरवलेली गोल संख्या! १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला आणि २०११ मध्ये फुकुशिमाला ही मर्यादा ओलांडली गेली. फुकुशिमात तर हायड्रोजनचे स्फोट झाले.

त्यानंतर तीन पर्यायांवर जोर आला: झिर्कलॉयवर क्रोमियमचा लेप, लोह-क्रोमियम-अल्युमिनियमचा मिश्रधातू आणि सिलिकॉन कार्बाइड. तिघांची युक्ती एकच. वाफेत पृष्ठभागावर घट्ट, सावकाश वाढणारा ऑक्साइड तयार होतो आणि तोच आतल्या पदार्थाला राखतो. पण प्रत्येकाची किंमत आहे. लोह न्यूट्रॉन जास्त गिळतं, क्रोमियम आणि झिर्कोनियम सुमारे १३३० अंशांना मिळून वितळतात, सिलिकॉन कार्बाइड मुळातच ठिसूळ. यातलं काहीच अभेद्य नाही. मिळतो तो वेळ, पाणी परत पोचवण्यासाठी.

म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना आकडा दिसला की विचारा: तो कोणी, कोणत्या पदार्थासाठी, कोणत्या भीतीपोटी ठरवला? १२०४ झिर्कलॉयचा आहे. नव्या पदार्थाला तो तसाच चिकटवला, तर प्रबंधातली तुलना पहिल्याच पानावर फसते.