लिब्रे ऑफिस कॅल्कचे कीबोर्ड शॉर्टकट : पाठ करू नका, शोधायला शिका

हजीरा (सुरत) : हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सोनगड, नवापूर, साक्री करत धुळे-जळगावकडे जातो. याच वाटेनं खान्देशातली कितीतरी माणसं सुरत-हजिऱ्याकडे कामाला आली. पोलाद, खत, गॅस, बंदर असा इथला पसारा आहे आणि मोठ्या कारखान्यांच्या आधारानं ठेकेदारांची छोटी ऑफिसं चालतात. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, गाड्यांची आवक-जावक अशा कामांना स्प्रेडशीट लागतेच. एक्सेलच्या लायसन्सचा खर्च परवडत नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट मिळतं. २०१० मध्ये ओपन ऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. त्यातला स्प्रेडशीटचा भाग म्हणजे कॅल्क.

कॅल्क दिसतं एक्सेलसारखं, पण सगळ्या सवयी जशाच्या तशा चालत नाहीत. त्यामुळे शॉर्टकट माहीत असणं हा फक्त वेळ वाचवण्याचा मामला नाही. पगाराचा आकडा बरोबर येणंही त्यावर अवलंबून असतं.

चूक कुठे होते?

समजा, मस्टरमध्ये पहिल्या कामगाराचा रोजचा दर ५५० लिहिला आणि सेलचा कोपरा धरून खाली ओढला. एक्सेलमध्ये सगळीकडे ५५० उतरतं. कॅल्कमध्ये ५५१, ५५२, ५५३ असं चढत जातं. यादी लांब असली की हे पटकन लक्षात येत नाही आणि पगारपत्रक चुकतं. त्याऐवजी दराच्या सेलपासून खालपर्यंत सेल निवडा आणि कंट्रोल + डी दाबा. तोच आकडा खाली भरला जातो. माउसनेच ओढायचं असेल तर कंट्रोल दाबून ओढा.

तारखेचंही तसंच. गेट रजिस्टरमध्ये आजची तारीख म्हणून ‘टुडे’ फॉर्म्युला टाकला तर उद्या फाइल उघडल्यावर ती तारीख उद्याची होते. कंट्रोल + अर्धविराम दाबलं की आजची तारीख कायमची बसते. कंट्रोल + शिफ्ट + अर्धविरामनं वेळ बसते.

शॉर्टकट शोधायचा कुठे?

१. मेनूमध्ये : कोणताही मेनू उघडा. आज्ञेच्या उजव्या बाजूला तिचा शॉर्टकट लिहिलेला असतो. टूलबारच्या चित्रावर माउस नुसता थांबवला तरी नाव आणि शॉर्टकट दिसतो.

२. कस्टमाइझमध्ये : टूल्स मेनूतून कस्टमाइझ उघडा आणि कीबोर्ड हा टॅब निवडा. वर सगळ्या कळा आणि त्यांना जोडलेलं काम यांची यादी असते. बाजूला ‘लिब्रे ऑफिस’ आणि ‘कॅल्क’ असे दोन पर्याय असतात. त्यातला ‘कॅल्क’ निवडा, नाहीतर फक्त सगळ्या प्रोग्रामना लागू असलेले शॉर्टकट दिसतील. खाली कामाचं नाव टाकून शोधता येतं. काम निवडलं की त्याची कळ बाजूच्या चौकटीत दिसते.

३. मदतीमध्ये : एफ १ दाबा आणि स्प्रेडशीटचे शॉर्टकट शोधा. विंडोजवर मदतीची फाइल वेगळी डाउनलोड करावी लागते. ती नसेल तर मदत इंटरनेटवर उघडते. गेटवरच्या केबिनमध्ये नेट नसेल तर ही फाइल आधीच टाकून ठेवा.

४. नाव आठवतं, जागा आठवत नाही : ७.२ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत शिफ्ट + एस्केप दाबा. शोधाची चौकट उघडते. आज्ञेचं नाव लिहायला लागा, ती समोर येते, तिथूनच चालवा.

हिशेब तपासणाऱ्यांसाठी

- कंट्रोल + एफ ८ : अंक निळे, फॉर्म्युले हिरवे आणि मजकूर काळा दिसतो. एखादा अंक काळा दिसला तर तो मजकूर म्हणून बसला आहे. बेरजेत तो धरला जाणार नाही. पुन्हा दाबलं की रंग जातात.
- एफ २ : निवडलेला सेल दुरुस्त करायला.
- एफ ४ : फॉर्म्युला लिहिताना सेलच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावायला, म्हणजे कॉपी करताना पत्ता सरकत नाही.
- कंट्रोल + एंटर : एकाच सेलमध्ये नवी ओळ. एक्सेलमध्ये यासाठी ऑल्ट + एंटर आहे, इथे हात चुकतो.
- डिलीट आणि बॅकस्पेस : डिलीटनं मजकूर लगेच जातो. बॅकस्पेस आधी काय काय पुसायचं ते विचारतो.
- कंट्रोल + पेज अप / पेज डाउन : एका शीटवरून दुसऱ्या शीटवर.

शॉर्टकट चालतच नाही?

आधी कीबोर्डची भाषा बघा. मराठी इन्स्क्रिप्ट चालू असेल तर अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ असतो, म्हणून तारखेचा शॉर्टकट अडू शकतो. इंग्रजीवर येऊन दाबा. लॅपटॉपवर एफ २, एफ ४ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर सोबत एफएन कळ दाबा.

आपला शॉर्टकट आपणच ठरवा

रोज लागणाऱ्या कामाला शॉर्टकट नसेल तर कस्टमाइझच्या त्याच खिडकीत वरून रिकामी कळ निवडा, खालून काम निवडा आणि ते जोडा. करड्या रंगात दिसणाऱ्या कळा बदलता येत नाहीत. तिथल्या ‘सेव्ह’ बटणानं ही रचना फाइलमध्ये ठेवता येते आणि दुसऱ्या कंप्युटरवर ‘लोड’ करता येते. हजिऱ्याची साइट आणि नवापूरचं ऑफिस, दोन्हीकडे मग एकच पद्धत चालते. बिघडलं तर ‘रीसेट’ आहेच.

एक मात्र सांभाळा. सामायिक कंप्युटरवर कळा बदलल्या तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला सांगा. त्याचा हात जुन्या सवयीनं चालणार आणि फाइलमध्ये पगार दुसऱ्याचा असणार.