तळटीप : ‘चिलापी’

चिलापी : १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, इंदापूर तालुक्यातील मौजे भिगवण येथे, अंगावर तिरप्या चिरा देऊन, हळद, तिखट व मीठ चोळून तव्यावर खरपूस तळला जाणारा, आणि बारामतीकडील खवय्यांसही मुद्दाम वाट वाकडी करावयास लावणारा मासा. मूळचा आफ्रिकेचा हा तिलापिया हिंदुस्थानात १९५२ साली आणला गेला. लेखकाने या माशाची तुलना जमैकातील तळलेल्या माशाशी केली आहे; तेथे रस्त्याकाठी तळलेल्या माशावर कांदा, मिरची व शिरका घालतात. १८४५ पासून त्या बेटावर करारबद्ध होऊन गेलेल्या हिंदी मजुरांचा मसालेदार रस्साही तेथे अद्याप शिजतो. सबब ही तुलना आम्हांस सर्वथा यथार्थ वाटते. स्थानिक उच्चार ‘चिलापी’ असाच असल्याने तो कायम ठेवला आहे. — संपादक