स्त्रियांमधील मूत्रअसंयमावरील शस्त्रक्रिया व रुग्णसमाधान

खोकताना, शिंकताना किंवा पाण्याने भरलेली कळशी उचलताना पोटावर ताण येऊन नकळत लघवी होणे, यास ताणजन्य मूत्रअसंयम म्हणतात. त्यावरील शस्त्रक्रियेच्या परिणामाविषयी रुग्ण स्त्रीचे स्वतःचे जे मत असते, ते रुग्णसमाधान होय. हे मत आणि वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष नेहमीच जुळतात असे नाही.

शस्त्रक्रिया

ओटीपोटातील स्नायूंच्या व्यायामाने आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. बर्च पद्धतीत (१९६१) मूत्राशयाच्या तोंडालगतची योनीची भिंत टाक्यांनी वर बांधतात. पट्टी पद्धतीत रुग्णाच्याच स्नायूवरील आवरणाची पट्टी मूत्रमार्गाखाली आधार म्हणून बसवतात. नंतर आलेल्या कृत्रिम जाळीच्या पट्टीचा वापर दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये २०१८ साली स्थगित झाला.

समाधानाचे मोजमाप

अमेरिकेतील ६५५ स्त्रियांवरील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन पद्धतींची तुलना केली गेली. दोन वर्षांनंतर सर्व निकषांवर पट्टी पद्धत ४७ टक्के, तर बर्च पद्धत ३८ टक्के स्त्रियांत यशस्वी ठरली; समाधानी स्त्रियांचे प्रमाण मात्र अनुक्रमे ८६ व ७८ टक्के होते. पट्टी पद्धतीनंतर मूत्रमार्गाचा संसर्ग आणि लघवी करण्यास अडचण अधिक आढळली.

महाराष्ट्रातील संदर्भ

राणी बंग, अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली (१९८९ मध्ये प्रसिद्ध). हा अभ्यास मूत्रअसंयमापुरता नव्हता. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. शस्त्रक्रियेनंतरचे समाधान उपचारापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचेच नोंदले जाते. संकोचाने गप्प राहिलेल्या स्त्रिया या मोजमापाबाहेरच राहतात.