नागसेनवनातलं गॅदरिंग

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८४८ च्या जूनमध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांना पाठीशी घेऊन एक मंडळ काढलं होतं. नाव भारदस्त : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, एवढाच मूळचा बेत. पण वाद घालून पोट भरेना, म्हणून वर्षभरातच या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि तिथे स्वतः, पगार न घेता, शिकवायला उभे राहिले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. मंडळाच्या मराठी शाखेचं, ज्ञानप्रसारक सभेचं, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होतं. म्हणजे आपल्याकडे अभ्यासाबाहेरचे उद्योग विद्यापीठाच्या पदव्यांपेक्षा वयाने मोठे आहेत.

पुण्याने त्यात आपली भर घातली. डेक्कन कॉलेजात टिळकांनी पहिलं वर्ष पुस्तकांपेक्षा व्यायाम, पोहणं आणि कुस्ती यांना दिलं, हे सर्वश्रुत आहे. तिथेच त्यांची आगरकरांशी गाठ पडली. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून फर्ग्युसनने सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढलं. कॉलेजच्या आठवणींमध्ये हे प्रसंग कौतुकाने सांगितले जातात आणि ते ठीकच आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : या मंडळात बसायला जागा मिळणं.

१९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना ती मिळाली नाही. वर्गात बसता येत होतं, परीक्षा देता येत होती. कॉलेजचा हॉटेलवाला मात्र त्यांना चहा काय, पाणीसुद्धा देत नसे, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवलं आहे. प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. पण वर्गाबाहेरचं कॉलेज, म्हणजे चहाच्या टेबलावरच्या गप्पा, टोळकी, दोस्ती, हे सगळं त्यांच्यापुरतं बंद होतं. साठ वर्षांपूर्वी जिथे सुधारणेवर निबंध वाचले गेले, त्याच संस्थेतली ही गोष्ट आहे.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादचं कॉलेज सुरू झालं. मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटून दोनही वर्षं झाली नव्हती. उच्च शिक्षण घ्यायचं तर उस्मानिया विद्यापीठ, तेही तोवर उर्दूतून. मराठवाडा विद्यापीठ यायला १९५८ उजाडायचं होतं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातल्या प्रश्नोत्तरांवरून कॉलेजचं नाव मिलिंद झालं आणि परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला देण्यातच संस्थापकाचा कल दिसतो.

इथे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. गाणं, सोंग, बतावणी मात्र त्यांना परकी नव्हती. सत्यशोधक जलसे आणि त्यांच्यामागून आलेले भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरलेले होते. तमाशाचा साचा घ्यायचा आणि गणगौळणीच्या जागी चळवळ घालायची, ही युक्ती तोवर मुरली होती.

इतर कॉलेजांत त्या काळात स्नेहसंमेलन म्हणजे काय? शेलापागोटी, म्हणजे फिशपाँड, एखादं विनोदी नाटक, बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांचं लांबलेलं भाषण. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी १९५५ च्या सुमारास कॉलेजच्या गॅदरिंगसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आलं, त्याची ही युगायुगांची वाटचाल. दिवाणखान्यातल्या सोफ्याभोवती फिरणाऱ्या तेव्हाच्या नाटकांच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की त्याचा धीटपणा कळतो. लेखक स्वतः दलित नव्हते, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. आणि एरवी गॅदरिंगचं नाटक पडदा पडला की संपतं. हे संपलं नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला ‘युगयात्रा’ पुन्हा झालं, आणि समोर लाखोंचा समुदाय होता. कॉलेजच्या हौशी रंगमंचावरून निघालेल्या किती मराठी नाटकांना असा प्रेक्षक मिळाला असेल?

तरीही विद्यार्थी रंगभूमीच्या गप्पा निघाल्या की सुरुवात बहुधा पुरुषोत्तम करंडकापासून होते. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्याच्या संस्थेने ही एकांकिका स्पर्धा १९६३ मध्ये सुरू केली. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही बी. जे. मेडिकलमधली मुलं पुढे कुठवर गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. करंडकाचं ऋण मोठंच आहे. ‘अरे आवाज कुणाचा’ या आरोळीने भरत नाट्य मंदिराची भिंत हादरते, त्यातली मजाही खरी. पण ‘युगयात्रा’ त्याच्या सातआठ वर्षं आधीचं, शिवाय स्पर्धेसाठी लिहिलेलं नव्हे. चषक नसला की इतिहासात नोंद व्हायला वेळ लागतो, असं दिसतं.

नाटकानंतर पाळी आली कागदाची. साठच्या दशकात डॉ. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेड्यांनी तिथल्या काळ्या लेखकांचं साहित्य जवळून पाहिलं होतं, आणि आपल्या मुलांनी काय लिहावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. १९६७ मध्ये याच परिसरात ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं. लवकरच त्याचं नाव ‘अस्मितादर्श’ झालं. संपादक गंगाधर पानतावणे, मिलिंदमध्येच मराठी शिकवणारे. कॉलेजच्या वार्षिक अंकात कविता छापून आली की घरी दाखवायची आणि विसरायची, ही सर्वसाधारण रीत. इथे मात्र पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा मजकूर थेट मराठी साहित्याच्या वादात जाऊन पडत होता.

मुंबईत तेच काम वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाने केलं. तिथल्या खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत कविता, मोर्चे आणि भांडणं एकाच वेळी चालत. १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरच्या तरुणांचा तो नेहमीचा अड्डा होता. वसतिगृहाच्या नियमावलीत यातलं काही बसत नसणार.

पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ अनेक दशकं चालवलं. अंकाच्या जोडीला लेखक-वाचकांचे मेळावे आले आणि तेही एका गावी न भरता वेगवेगळ्या ठिकाणी भरू लागले. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले ते हेच पानतावणे.