हसण्याआधी थोडं थांबा

श्रोतेहो, लंडनच्या मेरी ॲन बेव्हन या परिचारिकेचं लग्न झालं. पुढे तिचा जबडा वाढू लागला, नाक-ओठ जाड झाले, हात-पाय थोराड झाले. १९१४ साली नवरा वारला. पदरी चार मुलं. पोटासाठी ती ‘जगातली सर्वांत कुरूप स्त्री’ म्हणून लोकांपुढे उभी राहिली. १९२० साली तर अमेरिकेत कोनी आयलंडला तिकीट लावून तिचं दर्शन होऊ लागलं.

वास्तविक या रोगाला फ्रेंच डॉक्टर पियेर मारी यांनी १८८६ मध्येच ‘ॲक्रोमेगाली’ हे नाव दिलं होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली, की वाढीचा रस बेसुमार पाझरतो. हाडं वाढतात, कातडी जाड नि तेलकट होते.

१९२७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं तिची थट्टा केली, तेव्हा मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी पत्र लिहून बजावलं, की हा विनोद नव्हे, व्याधी आहे. १९३३ साली ती वारली.

आज यावर शस्त्रक्रिया आहे, औषधं आहेत. तेव्हा मंडळी, कुणाची अंगठी, वहाण घट्ट होऊ लागली, चेहरा जुन्या फोटोशी जुळेनासा झाला, तर नाव ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या.