लाकडी तुळयांचे पोलादी मजबुतीकरण

लाकडी तुळयांचे पोलादी मजबुतीकरण म्हणजे जुन्या किंवा अपुऱ्या क्षमतेच्या लाकडी तुळईला पोलादी पट्टी, सळई वा गर्डरची जोड देऊन तिची भारवहनक्षमता आणि ताठपणा वाढवण्याची पद्धत होय. पोलाद स्वस्त होण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये यासाठी घडीव लोखंडाच्या पट्ट्या वापरत.

तत्त्व

भाराखाली वाकलेल्या तुळईच्या वरच्या भागात दाब, तर खालच्या भागात ताण निर्माण होतो. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सागवानाच्या सुमारे १५ ते २० पट असतो. त्यामुळे दोन्ही एकत्र वाकल्यास, तुळईइतक्याच उंचीची १० मिलिमीटर जाडीची उभी पट्टी १५० ते २०० मिलिमीटर रुंद लाकडाइतका ताठपणा देते.

प्रकार

• मध्यपट्टी तुळई (फ्लिच बीम) : दोन लाकडी तुळयांमध्ये पोलादी पट्टी उभी बसवून त्या आरपार बोल्टांनी आवळतात.
• बाजूच्या पट्ट्या : तुळई जागेवरून काढणे शक्य नसल्यास तिच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या किंवा चॅनेल लावतात.
• खालचा गर्डर : तुळईखाली स्वतंत्र गर्डर देऊन भार त्यावर घेतात.
• टोकांची दुरुस्ती : भिंतीत गेलेले टोक ओलाव्याने कुजते किंवा वाळवीने पोखरले जाते. तेवढाच भाग कापून नवे लाकूड पट्ट्यांनी वा इपॉक्सीत बसवलेल्या सळयांनी जोडतात.

कार्यपद्धती

काम सुरू करण्यापूर्वी तुळईस टेकू देऊन जॅकने भार उतरवणे आवश्यक असते. तसे न केल्यास आधीचा भार लाकडावरच राहतो आणि पट्टी केवळ नंतर येणाऱ्या भारात वाटेकरी होते. गळती वा ओल यांचे मूळ कारणही दूर करावे लागते. अन्यथा पट्टीआड लाकूड कुजत राहते व ते बाहेरून दिसत नाही.

मर्यादा

आर्द्रतेनुसार लाकूड फुगते व आकसते, पोलाद मात्र नाही. म्हणून बोल्ट सैल पडतात आणि ते वेळोवेळी आवळावे लागतात. गंज टाळण्यासाठी जस्तलेपित पोलाद वापरतात. सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. मध्यपट्टीला जळणाऱ्या लाकडावरील कोळशाचा थर काही काळ संरक्षण देतो. उघड्या पट्ट्यांना अग्निरोधक लेप द्यावा लागतो.

महाराष्ट्रातील वापर

पुण्यातील जुने वाडे आणि मुंबईतील १९४० पूर्वीच्या अनेक उपकरप्राप्त इमारतींचे मजले लाकडी तुळयांवर उभे आहेत. अशा इमारतींत रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती करावी लागत असल्याने बाजूच्या पट्ट्या व खालचा गर्डर हे प्रकार सोयीचे ठरतात.